बरोबर, ओता

४ सप्टेंबर, गुरुवार

जमाखर्चाच्या वहीची शेवटची पानं दरवर्षी कोरीच राहतात. ती रद्दीत घालवण्यापेक्षा त्यांवर मनातलं लिहावं म्हटलं. बोलायचं तरी कुणाशी? घरात सध्या बोलणारं माणूस एकच, ते म्हणजे मी.

आज कंपनीचा निरोप आला. ह्यांचा हात चालतो, पाय चालतो, डॉक्टरांनी कामावर जायला हरकत नाही असं लिहून दिलंय. पण रसायनांच्या स्टोअरमध्ये बसायचं तर जीभही चालायला हवी, आणि अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून ह्यांची जीभ जड झाली आहे. जिभेला हाड नसतं म्हणतात. ह्यांच्या जिभेत मात्र कुणी खुंटी ठोकल्यासारखं झालंय. सव्वीस तारखेला सेफ्टीचे साहेब ह्यांची तोंडी परीक्षा घेणार. रसायनांची लांबलचक इंग्रजी नावं तुकडे पाडून, स्पष्ट, न अडखळता म्हणून दाखवायची. जमलं तर स्टोअर पुन्हा ह्यांचं. नाही जमलं तर घरी बसायचं, आणि वर्षअखेरीला हे कंपनीचं घर खाली करायचं.

संध्याकाळी माझा धाकटा भाऊ आला. त्याच्या हसण्यावरून सगळे त्याला गडगड्या म्हणतात. तो त्याच कारखान्यात वरच्या मजल्यावर, मिश्रणाच्या टाकीपाशी असतो.

मी विचारलं, "एवढं नावाचं काय घेऊन बसलेत रे? ड्रमवर लिहिलेलं असतं ना?"

"ताई, असं बघ. दाजी खालून लिफ्टनं ड्रम वर पाठवतात आणि इंटरकॉमवर त्याचं नाव सांगतात. मी वर आलेल्या ड्रमचं लेबल वाचतो आणि नाव तुकडे पाडून परत म्हणतो. ते ऐकून दाजी 'बरोबर, ओता' म्हणाले, तरच मी झाकण उघडतो. 'थांबा' म्हणाले की माझे हात वर."

"आणि भलताच ड्रम वर आला तर?"

"त्यासाठीच तर दाजी आहेत. त्यांचा 'थांबा' असा येतो की वाटतं, कुणी कानफटात मारली." आणि गडगडला.

हे शेजारीच बसून मान डोलवत होते. मी म्हटलं, "जमेल ना हो?"

"हो," म्हणाले. देवाची कृपा, एवढा एक शब्द लख्ख येतो.

६ सप्टेंबर, शनिवार

ह्यांना दवाखान्यात जिभेच्या बाईंकडे घेऊन गेले. बोलणं शिकवणाऱ्या त्या. वयाने माझ्या मुलीसारख्या, पण बोलतात मास्तरीणबाईंसारख्या. त्यांनी एक युक्ती सांगितली ती फार आवडली. लांब शब्द पुढून शिकायचा नाही, शेपटाकडून शिकायचा. आधी शेवटचा तुकडा, मग त्याच्या आधीचा जोडायचा. म्हणजे बोलताना माणूस अनोळखी वाटेवरून ओळखीच्या वाटेकडे जातो, आणि जीभ घाबरत नाही.

दुसरं मात्र काही पटलं नाही. म्हणाल्या, "रोज ह्यांना असे प्रश्न विचारा की ज्यांचं उत्तर 'नाही' येईल. मासा सायकल चालवतो का? बर्फ गरम असतो का?" इथे सव्वीस तारीख डोक्यावर येऊन बसलीय आणि बाई माशांना सायकलवर बसवताहेत! ह्यांनीही माशाच्या प्रश्नाला "हो" म्हणून टाकलं. मला हसू आलं. चेष्टेखोर स्वभाव कधी नव्हता, आता आजारपणात आला म्हणायचा.

परत आणायला सांगितलंय. दोन बसेस बदलाव्या लागतात. युक्ती कळली, पुरे झालं. बाकीचं घरी करू.

९ सप्टेंबर, मंगळवार

गडगड्याने नावं लिहून आणली. बघितल्याबरोबर तोंडचं पाणी पळालं. ड्रमपेक्षा नाव लांब. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तसं.

पण त्याने बसून फोड करून दाखवली. मोनो म्हणजे एक, डाय म्हणजे दोन, ट्राय तीन, टेट्रा चार. मी म्हटलं, "अरे, मग हे नाव कुठलं, हा तर हिशोब आहे!" हिशोब म्हटला की मला भीती वाटत नाही. मॅट्रिकला इंग्रजीने रडवलं, गणिताने कधी नाही.

"आणि सगळे तुकडे सारखे नाही म्हणायचे," तो म्हणाला. "इंग्रजीत एखाद्या तुकड्यावर जोर पडतो. टे-ट्रा-हाय-ड्रो-फ्यु-रान. 'हाय'वर जोर, 'फ्यु'वर जोर, बाकीचे हळूच. सगळेच ठोकून काढलेस तर इंटरकॉमवर नुसती खडी पडल्यासारखी ऐकू येते."

ह्यांना समोर बसवलं आणि शेपटाकडून सुरुवात केली. माइड. मामाइड. फॉर्मामाइड. डायमिथाइल फॉर्मामाइड. तुकडे मोजायला काही हवं म्हणून जपाची माळ हातात घेतली. एका तुकड्याला एक मणी. देवा, तुझ्या नावाच्या माळेवर हे फॉर्मामाइड ओढलं, माफ कर. पोटापाण्यासाठी आहे, चैनीसाठी नाही.

जाताना गडगड्या म्हणाला, "दाजी, हायपोक्लोराइट आणि हायड्रोक्लोरिक ॲसिड ही जोडी नीट घोटा हं. दोघं एका टाकीत पडले की विषारी वायू. मग मी काही गडगडायला राहणार नाही."

हे त्याच्याकडे बघून छान हसले. तोही हसला.

१३ सप्टेंबर, शनिवार

जीभ सुटतेय! आज डायमिथाइल फॉर्मामाइड एका दमात आलं. ट्रायक्लोरोएथिलीनही. मी म्हणायचं, ह्यांनी ऐकून तस्संच म्हणायचं. लिहिलेलं पुढे धरलं तरी वाचतात, जोरसुद्धा बरोबर जागी.

आणखी एक लिहायचंय. पुढे कधी वाचलं तर आठवण राहील. सगळ्या संसारात ह्यांना माझं कधी काही पटलं नाही. चहा दिला तर पातळ, खिडकी उघडली तर वारा, मिटली तर कोंडलं. मी पूर्व म्हटलं की हे पश्चिम. आजारपणाने माणूस निवळला. सकाळी घाईत चहात साखर घालायची राहिली, विचारलं, "गोड झालाय का?" तर म्हणाले, "हो." शेवटपर्यंत प्यायले. दुपारी विचारलं, पडदे निळे घेऊ? हो. थोड्या वेळाने म्हटलं, की हिरवे घेऊ? तरी हो! आता ह्यात निवड काय करायची, पण मला इतकं हलकं वाटलं. नजरेने खुणावलं की लगेच उठतात, हात पुढे केला की ताट देतात. देवाने एका हाताने घेतलं तरी दुसऱ्या हाताने दिलं.

१६ सप्टेंबर, मंगळवार

गडगड्याने सुचवलं की समोरासमोर सराव उपयोगाचा नाही, इंटरकॉमवर तोंड दिसत नाही. म्हणून आज हे बाहेरच्या खोलीत आणि मी स्वयंपाकघरात दाराआड. कंपनीतल्यासारखं सगळं. ह्यांनी नाव सांगायचं, मी परत म्हणायचं, ह्यांनी "बरोबर, ओता" म्हणायचं. फार झकास जमलं. शेजारीणबाई खिडकीतून विचारत होत्या, "काय ओतताय एवढं सकाळपासून?"

एकदा माझीच फजिती झाली. ह्यांनी टेट्राहायड्रोफ्युरान सांगितलं आणि तेवढ्यात दूध वर आलं. मी एका हाताने गॅस बंद करत कागदावरची भलतीच ओळ वाचली, ट्रायक्लोरोएथिलीन. जीभ चावली. आता खरपूस समाचार घेतला जाणार! तर बाहेरच्या खोलीतून शांतपणे, "बरोबर, ओता."

सांभाळून घेतलं मला. पूर्वीचे हे असते तर दुधासकट माझा उद्धार केला असता.

२२ सप्टेंबर, सोमवार

आज मी गडगड्यावर रागावले. तो ह्यांच्यापाशी बसला होता, बाहेर येऊन हळूच म्हणाला, "ताई, दाजी सगळं समजून घेतात ना गं? मी विचारलं पंख्याचं बटण कुठलं, तर नुसते हसले."

मी म्हटलं, "पंख्याचं बटण स्वतः शोध. तो माणूस एवढी कठीण नावं घडाघडा म्हणतोय आणि तुला बटणाची पडलीय!"

तो उठून बटण शोधायला गेला.  परीक्षा जवळ आली की कुणाचंही काहीही टोचतं.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

पास झाले!

मी बाहेरच्या बाकावर माळ घट्ट धरून बसले होते. दार उघडंच होतं. साहेब डोक्यावर पांढरं हेल्मेट घालूनच खुर्चीत बसतात, म्हणून सगळे त्यांना टोपीवाले म्हणतात. एकेक नाव पुढे ठेवत होते आणि ह्यांचा आवाज येत होता, सावकाश, सुटा सुटा, जोरासकट. सो-डि-यम-हाय-पो-क्लो-राइट. शेवटचा तुकडा पडला की माझा श्वास सुटायचा. एकाही ठिकाणी अडखळले नाहीत.

टोपीवाल्यांनी हात मिळवला. "सोमवारपासून या. काही अडचण नाही ना आता?"

"हो," म्हणाले हे.

साहेब खो खो हसले. "विनोद करायला लागलात!" मीही हसले. येताना सगळ्या रस्त्याने देवाचं नाव घेत आले.

२८ सप्टेंबर, रविवार

हे लिहावं की नाही कळत नाही. पण हिशोबात आलेली रक्कम खोडायची नाही, असा माझा नियम आहे.

दुपारी महिन्याचा हिशोब मांडला. वरून खाली बेरीज केली, मग ताळा म्हणून खालून वर. जुळली. आणि मनात आलं, बेरीज बरोबर असताना ताळा जुळला ह्यात काय मोठं? ताळ्याची खरी परीक्षा बेरीज चुकते तेव्हा. मग गडगड्याने परत म्हणायचं ते कशासाठी? तोही ताळाच. आणि सरावात मी परत म्हणताना कायम बरोबरच म्हणत आले. एकदाच चुकले.

त्या एकदाच्या वेळी काय झालं ते आठवलं आणि पेन हातातून खाली ठेवलं.

ह्यांना म्हटलं, चला, उद्याची शेवटची उजळणी. मी दाराआड गेले. ह्यांनी सोडियम हायपोक्लोराइट सांगितलं. मी मुद्दाम म्हटलं, "हाय-ड्रो-क्लो-रिक ॲसिड."

"बरोबर, ओता."

पुन्हा. दुसरं नाव, पुन्हा भलतं.

"बरोबर, ओता."

मग मी रसायनं सोडून दिली. म्हटलं, "आपलं घर पाण्याखाली आहे."

"बरोबर."

"मी तुमची बायको नाही."

"बरोबर," म्हणाले. किती प्रेमाने म्हणाले.

मी बाहेर आले तर माझा चेहरा बघून चटकन उठले, खांद्यावरचा पंचा माझ्या डोळ्यांना लावला. चेहरा वाचता येतो. तुकडे वाचता येतात. मधला अर्थ तेवढा हरवलाय. बाई सांगत होत्या ते हेच, आणि मी बसचं भाडं वाचवलं.

आता काय करू? बोलले तर ह्यांची नोकरी गेली, डोक्यावरचं छप्पर गेलं. आणि सगळ्यांसमोर ह्यांची शोभा होईल ती वेगळीच. नाही बोलले तर? भलता ड्रम काही रोज वर जात नाही. गडगड्याला डोळे आहेत. हेही आणखी सुधारतील. देवाने एवढं सोमवारपर्यंत आणलं ते उगीच का?

देवापुढे बराच वेळ बसले. तो काही बोलला नाही. त्याच्या न बोलण्याचा मी माझ्या सोयीचा अर्थ लावला आणि उठले. गप्प राहायचं ठरवलंय.

२९ सप्टेंबर, सोमवार

सकाळी हे इस्त्रीचा शर्ट घालून निघाले. कोपऱ्यावरून वळताना मागे बघून हात हलवला. झटक्यानंतर पहिल्यांदा ताठ चालताना दिसले.

मी भांडी घासायला घेतली. एक पातेलं घासत होते, घासतच होते. देवाने सोमवारपर्यंत आणलं म्हणते, पण ह्या सोमवारी वर टाकीपाशी कोण उभं आहे? तो गडगड्या, ज्याला मी कडेवर घेऊन वाढवलं. त्याच्या जागी दुसऱ्या कुणाचा भाऊ असता तर मी अशी पातेलं घासत बसले असते का, ह्याचं उत्तर मला द्यायचं नव्हतं. हात पुसले आणि पायात चपला घातल्या. कुलूप लावलं की नाही तेही आठवत नाही.

गेटवरचा पहारेकरी म्हणाला, "बाई, डबा विसरले का साहेब?"

"डबा नाही. टोपीवाल्या साहेबांना बोलवा. आत्ता."

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. चेहऱ्यावर समजूत काढणारी माया. "वहिनी, तुम्ही आजारपण काढलंय, काळजी वाटणारच. मी स्वतः परीक्षा घेतली ना!"

"साहेब, मला एकदा वर नेऊन इंटरकॉमवर बोलू द्या. खोटी ठरले तर तुमची माफी मागेन, आणि कुणापेक्षा जास्त आनंद मलाच होईल."

वर नेलं. डोक्यावर एक हेल्मेट बसवलं, ते नाकापर्यंत खाली आलं. टाकीपाशी गडगड्या उभा होता, मला बघून हसायला तोंड उघडलं आणि साहेबांचा चेहरा बघून मिटलं. साहेबांनी त्याला झाकणाला हात लावू नको म्हणून खूण केली. लिफ्ट वर आली. पाठोपाठ इंटरकॉमच्या डबीतून ह्यांचा आवाज, स्वच्छ, एकेक तुकडा सुटा.

"सो-डि-यम, हाय-पो-क्लो-राइट."

किती छान म्हणत होते. मी शिकवलेलं.

बटण दाबलं.  "हाय-ड्रो-क्लो-रिक, ॲ-सिड."

 उत्तर येईपर्यंत मी देवाकडे मागितलं की माझं खोटं ठरू दे. एक 'थांबा' दे. कानफटात मारल्यासारखा दे.

"बरोबर, ओता."

 गडगड्या मागे सरकून भिंतीला टेकला. म्हणाला, "ताई, सकाळपासून ह्याच आवाजावर मी झाकणं उघडतोय."

टोपीवाल्यांनी टोपी काढली. टक्कल आहे त्यांना. "मी फक्त बोलणं तपासलं," म्हणाले.

"मीही तेवढंच शिकवलं," मी म्हटलं.

३० सप्टेंबर, मंगळवार

काल हे स्वतःच स्टोअरच्या किल्ल्या साहेबांच्या टेबलावर ठेवून आले. कुणी काय सांगितलं, ह्यांना किती कळलं, देव जाणे. पण मला वरून खाली येताना बघितलं तेवढ्याने काहीतरी कळलं. घरी येताना माझ्या पुढे चालत होते. शर्ट काढून घडी घातली आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

गडगड्या आला, दारातच उभा राहिला. "माझी बायको म्हणते, तू मला वाचवलंस. पण ताई, दाजींच्या नजरेला नजर देववत नाही मला. घर सोडावं लागलं तर आमची मागची खोली आहे. भाड्याचं नाव काढलंस तर बघ."

आत ये म्हटलं तर नाही आला.

११ ऑक्टोबर, शनिवार

पुन्हा दोन बसेस. जिभेच्या बाई रागावतील म्हणून शब्द जुळवून ठेवले होते, पण त्या रागावल्या नाहीत, ते जास्त लागलं. तोंडापुढे एक पुठ्ठा धरून त्यांनी ह्यांना विचारलं, "मासा सायकल चालवतो का?" म्हणजे चेहऱ्यावरून काही ओळखता येऊ नये.

"हो."

"पूर्ण परत येईल असं मी सांगत नाही," बाई म्हणाल्या. "पण काही येईल. ह्यांना 'नाही' सापडू द्या."

आता रोज दाराआड उभी राहते. दगड मऊ असतो का? मी पुरुष आहे का? शेजारीणबाई आता खिडकीत थांबत नाहीत. हे हो म्हणतात, नाहीतर काहीच म्हणत नाहीत. काहीच न म्हणणं वाढलंय. बाई म्हणतात, हे चांगलं लक्षण. मला मात्र ती शांतता खायला उठते. किल्ल्या दिल्या त्या दिवसापासून हे माझ्याकडे बघून हसलेले नाहीत.

१९ ऑक्टोबर, रविवार

आज प्रश्न सुचेनात. मासे झाले, दगड झाले, बर्फ झाला. दाराला पाठ टेकवून उभी होते, आणि जे इतके दिवस मनात होतं तेच बाहेर पडलं. सरावाचं नव्हतंच ते.

"मी त्या दिवशी साहेबांना सांगितलं. ते तुम्हाला पटलं का?"

 खुर्ची कुरकुरली.

"नाही."

 स्पष्ट, एका तुकड्याचा शब्द, पूर्ण जोरासकट. आधी आनंदाने ओरडणार होते, मग त्याचा अर्थ आत उतरला. पण सवय वाईट. एका बेरजेवर माझा विश्वास बसत नाही. उलटून विचारलं.

"म्हणजे मी गप्प राहायला हवं होतं? गडगड्याला तसंच ओतू द्यायला हवं होतं?"

ह्यावेळी फार वेळ गेला. इतका की वाटलं, संपलं, आता पुन्हा 'हो' येणार.

"नाही."

आता काय समजायचं? दोन्हीला नाही. खरंच दोन्ही नाही, की सगळ्यालाच हो म्हणणारा माणूस आता सगळ्यालाच नाही म्हणायला लागलाय? तिसरा प्रश्न विचारायचा धीर होईना. तरी विचारला, अगदी हळू.

"रागावलाय का माझ्यावर?"

उत्तर आलंच नाही. पावलं आली. दार ढकललं गेलं, मी बाजूला झाले, आणि हे माझ्यासमोर येऊन उभे राहिले, जवळ, उजेडात, मला नीट दिसेल असं तोंड करून. कपाळावर आठ्या, नाकपुड्या फुगलेल्या, ओठ घट्ट. नजर हलवेनात.

चांगलेच रागावले होते. देवाचे किती आभार मानू.